मधला खांब

मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. मी सवयीप्रमाणे पुढं जाऊन खटक्याशी झटापट करत होतो. "राहू द्या हो साहेब ते," ते मागून म्हणाले, "इंजिन कुठं पळून जातंय?"

वाईतल्या एका जुन्या वाड्याच्या मागं, पूर्वी जिथं म्हशी बांधायचे त्या पडवीत ती उभी होती. फियाट 1100, पन्नासच्या दशकातली. रंग कधीकाळी मोरपिशी असावा. टायर बसून जमिनीशी एकजीव झालेले, टपावर गोवऱ्या रचलेल्या, मागच्या सीटवर कोंबडीनं केव्हातरी संसार मांडून मोडलेला. नंबरपाटी जुन्या मुंबईची, बी.एम.नं सुरू होणारी. डॉक्टर आजोबांची गाडी. आजोबा गेले, मुलगा स्कूटरवर फिरला, नातू परदेशी. आता वाडा उतरवायचा आहे म्हणून फोन आला होता. असे फोन पितृपक्ष संपला की येतात. घरं साफ करायला काढतात आणि कोपऱ्यातून गाड्या निघतात.

मिस्त्रींनी पुढचं दार उघडलं. या गाडीचं पुढचं दार आजच्या गाड्यांच्या उलटं उघडतं, बिजागऱ्या मागं. मग मागचं दार उघडलं, त्याच्या बिजागऱ्या पुढं. म्हणजे दोन्ही दारं एकाच मधल्या खांबावर, दोन अंगांना उघडणारी. पुढच्या दाराच्या खालच्या कडेला त्यांनी दोन बोटं लावली आणि हलकेच वर उचललं. दार इंचभर वर आलं. वर काहीतरी करकरलं. त्यांनी ते खाली सोडलं, उकिडवे बसले, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि खांब जिथं जमिनीच्या पत्र्याला मिळतो तिथं टेकवला. जोर नाही, नुसता टेकवला. चहात बुडवलेल्या खारीत बोट जावं तसा तो आत गेला. बाहेर आला तो तंबाखूच्या चुऱ्यासारखा गंज घेऊन.

"खांब गेलाय," ते म्हणाले आणि तंबाखू मळायला बसले.

गेली काही वर्षं मला दिवाळीच्या आसपास एक प्रश्न हमखास विचारला जातो. कुणाच्या तरी गावाकडं, कुणाच्या तरी गॅरेजमागं एक जुनी, दुर्मीळ गाडी पडून आहे. मालक स्वस्तात देतोय. घेऊन नीट केली तर? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर क्रोमचा लखलखाट असतो आणि मनात एक गुळगुळीत हिशोब: दोन लाखांची गाडी, दोन लाखांचा खर्च, दहा लाखांना विकू. त्या हिशोबाचं काय होतं ते बघण्यासाठी मी वर्षभर माणसांना भेटत होतो. डुक्कर फियाट निवडली, कारण ती आपल्या मातीतली आहे आणि तिची कुंडली मला थोडीफार ठाऊक आहे.

नाव मी ठेवलेलं नाही. मुंबई-पुण्याकडं या गोल पाठीच्या, बसक्या नाकाडाच्या फियाटला डुक्कर फियाटच म्हणतात. नावं ठेवण्यात आपला हात कोण धरणार! तिच्यानंतरच्या, कोपरे काढलेल्या 1100 डीला असलं नाव मिळालं नाही. तीच पुढं प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानं घराघरांत पोहोचली.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकन डॉज, प्लीमथ, डिसोटो जोडल्या गेल्या, मग फियाटशी करार. फियाटनं 1953 च्या जिनिव्हा प्रदर्शनात जी 1100 दाखवली, ती पुढच्याच वर्षी कुर्ल्यात उभी राहिली. त्याच सुमाराला सरकारनं धोरण ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथं जागा नाही, गाडी इथंच घडवायला हवी. जनरल मोटर्सनं शिवडीचा कारखाना 1954 मध्ये बंद केला. प्रीमियर राहिली. आज कुर्ला-विद्याविहारकडं एका रस्त्याला प्रीमियर रोड हे नाव तेवढं उरलंय. पण तिथून जवळच, सीएसटी रोडच्या भंगार बाजारात, गाड्या अजूनही उकलल्या जातात. जिथं जन्मली तिथंच सुटी झाली, असं भाग्य फार कमी यंत्रांना लाभत असेल.

या गाडीचं इंजिन 1089 सीसीचं. सिलिंडरची रुंदी 68 मिलिमीटर, पिस्टनची धाव 75. दान्ते जियाकोसा या फियाटच्या अभियंत्यानं 1937 मध्ये ज्या मापाचं इंजिन रस्त्यावर आणलं, त्याच मापाचं इंजिन सुधारत सुधारत 2000 च्या सुमारास शेवटच्या पद्मिनीपर्यंत चाललं. साठ वर्षांहून अधिक काळ तेच माप. घेणारे मात्र इथंच फसतात. जुनी गाडी म्हटली की इंजिनाची भीती वाटते, आणि इंजिन चालू झालं की वाटतं सुटलो. प्रत्यक्षात डुक्कर फियाटचं इंजिन हे सगळ्यात सोपं काम. जाम झालं असेल तर प्लगच्या भोकांतून रॉकेल-डिझेल ओतून आठवडाभर मुरवत ठेवायचं. हेड उघडायचं, बोअर करायचं, ओव्हरसाइझ पिस्टन, नव्या रिंगा, क्रँक ग्राइंडिंगला. पद्मिनीचं बरंचसं सामान थोड्या घासाघाशीनं बसतं. कुठल्याही तालुक्याच्या गावी हे काम करणारा माणूस सापडतो.

अवघड असतो तो पत्रा. ट्रक-जीपला असते तशी वेगळी चासी या गाडीला नाही. जमिनीचा पत्रा, दाराखालची पोकळ पेटी, मधला खांब, टप हे सगळं मिळून एकच पिंजरा, आणि तोच गाडीचा सांगाडा. पाणी पेटीत शिरतं, निघायच्या भोकांत चिखल बसतो, आणि गंज आतून बाहेर खात येतो. बाहेर बुडबुडा दिसेपर्यंत आतलं अर्धं गेलेलं असतं. आणि चारही दारं मधल्या दोन खांबांवर लोंबत असल्यानं खांबाचा पाय कुजला की दारं खाली येतात. मग दार लागत नाही म्हणून लोक बिजागऱ्या वाकवतात, कड्या सरकवतात, फटी लांबीनं भरतात. म्हणून मिस्त्रींनी आधी दार उचलून बघितलं. त्या एका इंचात त्यांना पुढची दोन वर्षं दिसली.

आता त्या हिशोबाकडं येऊ. माझ्या एका मित्रानं 2017 मध्ये अशीच एक गाडी घेतली. हिशोबाचा पक्का माणूस, बँकेत उमर गेलेली. पहिल्या दिवसापासूनची वही त्याच्याकडं आहे, शंभर पानी, जाड पुठ्ठ्याची, मुलीच्या शाळेच्या उरलेल्या वह्यांतली. पहिल्या पानावर पेन्सिलनं लिहिलंय: अंदाजे खर्च 4 लाख, मुदत 8 महिने. शेवटच्या पानावर शाईनं: 8 लाख 67 हजार, 4 वर्षं 2 महिने. मधली पानं वाचण्यासारखी आहेत. गाडीची किंमत 1 लाख 40 हजार. पत्रा आणि रंग मिळून 2 लाख 95 हजार, म्हणजे एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून 78 हजार, म्हणजे दहावा हिस्सासुद्धा नाही. क्रोमचा मुलामा 64 हजार. कुशन, टपाचं अस्तर, दारांच्या आतल्या पट्ट्या 72 हजार. आणि एका रकान्याला त्यानं नुसतं ‘इतर’ लिहिलंय, 47 हजार. विचारलं तर म्हणाला, "ते विचारू नकोस. त्यात चहापासून एका खोट्या कार्ब्युरेटरपर्यंत सगळं आहे."

गाडी झाली ती देखणी झाली. मी बसलोय तिच्यात. स्टिअरिंगवरचा गिअर बदलताना हात आपोआप खानदानी होतो. तिला आजवर आलेली सगळ्यात मोठी मागणी 6 लाखांची. 2 लाख 67 हजार बुडीत, आणि चार वर्षांतले जवळजवळ सगळे रविवार यात धरलेले नाहीत. त्याच्या बायकोनं ते धरले आहेत.

एका वहीवरून सिद्धांत काढू नये, हे खरं. पण त्या वर्षभरात मी आणखी सात-आठ जणांशी बोललो. वही ठेवणारा दुसरा कुणी भेटला नाही, आणि फायदा झाला म्हणणारा एकही भेटला नाही. "आकडा काढलाच नाही" म्हणणारेच बहुतेक. आकडा न काढणं ही या छंदातली पहिली शहाणीव असावी.

यावर एक हुकमी प्रतिप्रश्न येतो: मग परदेशात कोट्यवधींना कशा जातात? जातात, हे खरंच. फेब्रुवारी 2015 मध्ये पॅरिसच्या एका लिलावात फ्रान्समधल्या एका शेतावर दशकानुदशकं पडून राहिलेल्या साठेक गाड्या आल्या. बहुतेक गंजलेल्या, काहींची तर नुसती सापळ्यांची रांग. त्यातली एक फेरारी 250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, धूळ न पुसता, 1 कोटी 60 लाख युरोंच्या वर गेली. पण तिची धूळ विकली गेली नव्हती. जगात मोजक्या बनलेल्या, शर्यतींच्या घराण्यातल्या आणि प्रत्येक श्रीमंताला हव्या असलेल्या गाडीची ती किंमत होती. त्याच आवारातल्या कितीतरी गाड्यांच्याही जगात तितक्याच थोड्या बहिणी उरल्या असतील, त्यांच्यासाठी कुणी तसा हात वर केला नाही.

दुर्मीळ असणं वेगळं आणि हवंहवंसं असणं वेगळं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतःच्या बुद्धीनं घडवली, वर्षानुवर्षं सुधारली, पण ती कारखान्यातून बाजारात कधी आलीच नाही. तिच्याहून दुर्मीळ काय असणार? पण उद्या कुणाला तिचा सांगाडा मिळाला, तर त्याला एकही सुटा भाग कुठल्याच दुकानात मिळणार नाही. सगळं नव्यानं घडवावं लागेल. असली गाडी संग्रहालयानं घ्यावी, विद्यापीठानं घ्यावी. नोकरदारानं हौसेखातर घेऊ नये. गाडी जितकी दुर्मीळ तितकी ती नीट करायला महाग, आणि ती विकत घेणारी माणसंही तितकीच कमी. ही दुधारी गोष्ट विकणारा कधी सांगत नाही. तो फक्त म्हणतो, "महाराष्ट्रात अशा तीनच आहेत."

डुक्कर फियाटचं बरं होतं ते टॅक्सींमुळं. मुंबईत पद्मिनी धावत होत्या तोवर पिस्टन, क्लचप्लेट, किंगपिन, वॉटरपंप गल्लीत मिळत. टॅक्सीवाला थांबू शकत नाही, म्हणून दुकानदार माल ठेवत, म्हणून कारखानदार बनवत. त्या प्रवाहात आपल्यासारख्या हौशांची तहान भागायची. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत आहे. ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. कुर्ल्यातला एक दुकानदार मला म्हणाला, "तुम्ही रडलात, मी मोजलं. पंचवीस वॉटरपंप राहिलेत. हे संपले की फियाटचा कप्पा बंद." त्यानं कप्पा उघडून दाखवला. मेणकागदात गुंडाळलेले, वर पेनानं जुने भाव. दोन मी उगाचच घेतले. माझ्याकडं गाडी नाही.

आणि डुक्कर फियाटचं जे जे खास तिचं, ते टॅक्सीच्या जमान्यातही मिळत नव्हतं. पुढचं क्रोमचं नाक, दारांची हँडल्स, मागच्या दिव्यांच्या चौकटी, डॅशबोर्डवरचं मीटर. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी नशीब असेल तर एखादा तुकडा ताडपत्रीवर दिसतो, कुकरच्या शिट्ट्या आणि नळाच्या तोट्यांच्या मधे. मित्राला डावं हँडल तिथं मिळालं. उजवं तीन वर्षांनी, अमरावतीहून कुरियरनं.

क्रोमचा एक बारकावा सांगतो, कारण तिथं माणसं हमखास पैसे घालवतात. बंपर पोलादाचा. तो उतरवून, घासून, तांबं-निकेल-क्रोम असे थर चढवले की नव्यासारखा होतो. पण हँडल्स आणि चौकटी बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. त्यांच्यावर पुरळ आल्यासारखे फोड येतात आणि ते आतून आलेले असतात. घासाल तर धातूच निघून येतो. मुलामा देणारे एक गृहस्थ, भोसरीचे, अशी हँडल्स हातात घेतात आणि परत देतात. एक-एक फोड कोरून, डाग देऊन, पुन्हा तासून मग मुलामा द्यायचा, तर एका हँडलाला दोन दिवस जातात. "मी करतो," ते म्हणाले, "पण त्या पैशात तुम्ही पितळेचं ओतून घ्याल." मित्रानं शेवटी कोल्हापूरला पितळेची ओतून घेतली.

कोल्हापूरचं नाव निघालं की थोडं थांबायलाच हवं. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा सीमोल्लंघनाच्या गर्दीत तिच्याकडं बघणारे निम्मे लोक उद्यमनगरातले असावेत असं मला दरवेळी वाटतं. तिथं ओतकाम, लेथ, गिअर कापणं, सगळं चार गल्ल्यांत आहे. ऑइल इंजिनांवर पोसलेला तो भाग. नमुना द्या, दोन दिवसांनी तुकडा घ्या. जुन्या गाड्यांच्या दुनियेत कारागीर हा सगळ्यात दुर्मीळ भाग आहे, गाडी नव्हे, हे मला तिथं पहिल्यांदा नीट कळलं. एका शेडमध्ये पंचाहत्तरीचे एक काका पत्र्याचा तुकडा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीनं ठोकत होते. वीस मिनिटांत सपाट पत्र्याचा मडगार्डचा गोलावा झाला. साचा नाही, मशीन नाही. मधूनमधून तळहात फिरवून बघायचे, आजी भाकरी थापताना बघते तसं. शिकायला कुणी आहे का, विचारलं. "नातू येतो कधीकधी. मोबाइलवर फोटो काढायला."

माझं म्हणणं एवढंच आहे. तुम्ही गाडी विकत घेत नसता. तुम्ही तीन-चार म्हाताऱ्या माणसांची उरलेली वर्षं मागत असता. ती मिळणार असतील तर गाडी घेण्यात अर्थ आहे. नसतील, तर ती तुमच्या पडवीत पहिल्या मालकाच्या पडवीइतकीच गंजेल, फक्त पावती तुमच्या नावाची असेल.

आता कागद. इथं माझं मत थोडं कडू आहे, कारण मी स्वतः एकदा पोळलोय. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये वेगळे नियम केले. अशा गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येतं, नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या वेळी 5 हजार. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो, ही गोष्ट आपल्यासारख्यांच्या जिव्हाळ्याची. पण अशी गाडी रोजच्या वापराला नाही, धंद्याला नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, आणि पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेणं, एवढंच. आणि एक अट अशी की चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा. पत्रा कुजलेल्या गाडीवाल्यानं ही अट दोनदा वाचावी. अर्धा पिंजरा नव्यानं बांधलेल्या गाडीला मूळ रूपातली म्हणायचं की नाही, हे तपासणाऱ्याच्या नजरेवर आहे.

गंमत म्हणजे विम्याच्या जुन्या टॅरिफमध्ये व्हिंटेज म्हणजे 31 डिसेंबर 1940 च्या आधी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबनं तसा दाखला दिलेली गाडी. म्हणजे आमची डुक्कर परिवहन खात्याच्या लेखी व्हिंटेज, त्या टॅरिफच्या लेखी नुसती म्हातारी. साध्या नोंदणीवरच चालवायची म्हटली, तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5 हजारांवर गेली, तेव्हापासून ती वरच्याच दिशेला बघते आहे. वर पर्यावरण कर.

पण हे सगळं कागद असतील तर. बहुतेक वेळा आरसी बुक कुणा दिवंगताच्या नावावर असतं. कायद्यानं वारसानं आधी आपल्या नावावर करून घ्यायचं, फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती. मगच तुम्हाला विकता येते. त्यातून जुन्या रजिस्टरमधली नोंद संगणकावर चढलेली नसेल तर ती बॅकलॉग एंट्री. रजिस्टर वाळवीनं खाल्लं असेल तर हरी हरी. मी पूर्वी एक गाडी कोऱ्या सह्या केलेल्या फॉर्मांवर घेतली होती, ‘एजंट करून देईल’ या वाक्यावर विसंबून. एजंटानं करून दिलं नाही. ती गाडी मी दोन वर्षांनी निम्म्या किमतीत, तशाच कोऱ्या फॉर्मांसकट, पुढच्या भोळ्याला दिली. याची मला लाज वाटते.

आणखी एक नवी अडचण आहे ती पेट्रोलची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरतं आणि जुनं रबर खातं. पन्नासच्या दशकातल्या गाडीच्या पेट्रोल पंपातला पडदा, होसपाइप, कार्ब्युरेटरची वॉशरं, सगळं बदलावं लागतं. महिनाभर उभी ठेवली तर टाकीत गंज धरतो. मित्र आता दर रविवारी गाडी चालवतो ती हौसेपेक्षा या भीतीनं.

मग घ्यावी की नाही? फायद्यासाठी अजिबात नाही; त्या पैशाचं सोनं घ्या, निदान पाडव्याला पूजा तरी होईल. पण छंद म्हणून पाच-सहा लाख आणि चार वर्षं सुखानं बुडवता येत असतील, तर जरूर घ्यावी. तेही सगळ्यात दुर्मीळ नव्हे, सगळ्यात पूर्ण असेल ती. एक काच, एक हँडल, एक पट्टी नसलेली गाडी म्हणजे दात नसलेली कवळी. रंग उडालेली, कुरूप, पण चालती आणि सगळे अवयव जागेवर असलेली मिळाली तर जास्त पैसे द्यावेत. आणि ती मिळाल्यावर रंगाच्या नादी लागू नये. मूळ ड्यूको रंग विटका झाला तरी तो 1950 च्या दशकातला आहे. नवा कितीही चकचकला तरी काल मारलेला. आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’चा तूरिनचा जाहीरनामाही तेच म्हणतो: आधी जपा, अगदीच नाइलाज असेल तेव्हा नव्यानं करा. आपल्याकडं रॅलीत मात्र अजून तोंड दिसेल इतक्या चकाकीला बक्षीस मिळतं.

वाईला परत येऊ. मिस्त्रींनी मग सावकाश सगळी गाडी बघितली. पातळ फडक्यात लोहचुंबक गुंडाळून मडगार्डांवरून फिरवलं. उजव्या बाजूला ते दोनदा निसटलं, म्हणजे तिथं लांबी. बॉनेटखालच्या चकतीवरचा नंबर ओल्या बोटानं पुसून मला लिहून घ्यायला सांगितला. हँडल लावून इंजिन फिरवलं. फिरलं. माझा चेहरा उजळला असावा, कारण ते लगेच म्हणाले, "ते सोडा. काचा सगळ्या आहेत, हँडलं चारही आहेत, नाक आहे. पूर्ण गाडी आहे साहेब. दोन्ही खांब करून देईन मी. पत्रा कापून, पेटी बांधून." जरा थांबून म्हणाले, "पण दोन वर्षं धरा. तेवढी माझ्याकडं आहेत का, ते तुम्ही धरा." मिस्त्री एकाहत्तरचे आहेत. मुलगा इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमला लागलाय.

ओसरीवर काकूंनी चहा दिला. आरसी बुक आणलं, कापडी बांधणीचं, कडा उंदरानं कुरतडलेल्या, पण नंबर चकतीशी जुळला. नाव आजोबांचं. वारस चार. काकू, एक नणंद नाशिकला, एक दीर आता नाहीत, त्यांची दोन मुलं. "सह्या करतील ना सगळे?" मी विचारलं.

"नाशिकची करेल," काकू म्हणाल्या. "दिराची पोरं वाड्याच्या वाटणीवरनं बोलत नाहीत आमच्याशी. गाडीवर सही मागायची तर आधी वाड्यावर मागावी लागेल."

"तुम्ही न्या हो तशीच," त्यांचा मुलगा व्हिडिओ कॉलवरून म्हणाला. "कागदाचं नंतर बघू."

मी काकूंना नमस्कार केला आणि निघालो. खंबाटकीपर्यंत मिस्त्री काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "सह्या झाल्या की फोन करा. खांब मी मनात मापून ठेवलाय." याला आता सात महिने झाले. दिराच्या मुलांना मी दोन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलेलं नाही. गाडी पडवीतच आहे, आरसी आजोबांच्याच नावावर आहे.